ना हरकत

आमच्या गावात सरकारी पैशाला नाव एकच, अनुदान. गारपिटीचं अनुदान, दुष्काळाचं अनुदान, बोंडअळीचं अनुदान. कागदावर त्याला मदत म्हणा, अर्थसहाय्य म्हणा, नाहीतर सन्मान निधी म्हणा, पारावर बसलेला माणूस विचारणार, "अनुदान पडलं का रं?" पैसे आले असं सहसा कुणी म्हणत नाही. पाऊस पडतो तसे ते पडतात. एकाच्या वावरात पडतात आणि बांधापलीकडं कोरडं राहतं, हेही पावसासारखंच.

आमचं वावर चार एकर. सातबाऱ्यावर एक हेक्टर बासष्ट आर, जिरायत. आजोबा २००५ साली गेले, वारसाचा फेरफार झाला आणि तीन नावं लागली. दादा, नाना आणि आत्या. दादा म्हणजे माझे वडील, नाना धाकटे चुलते. आत्या दोघांपेक्षा मोठी, हिंगोलीकडं दिलेली. वाटणी कागदावर झालीच नाही. आजोबांचं तेरावं झाल्यावर आठ दिवसांनी दोघा भावांनी दोरी धरली, मधोमध बांध घातला. वरचं चिंचेकडचं दादांचं, खालचं ओढ्याकडचं नानांचं. आत्याला कुणी विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. पुढं तिच्या सहीची गरज पडेपर्यंत तिचं नाव कागदावर आहे हे आम्ही विसरून गेलो होतो. परभणी जिल्ह्यातल्या निम्म्या सातबाऱ्यांची हीच कथा असेल.

सामाईक खातं असलं की पेरायला अडचण नसते, खुरपायला नसते, विकायलाही नसते. अडचण येते ती काहीतरी मिळायची वेळ आली की. नुकसान झालं तर आपापल्या वावरात होतं, पण भरपाई खात्याला मिळते. आणि खातं एक.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर गारपीट सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत अधूनमधून होतच राहिली. मी तेव्हा औरंगाबादला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. होळीला गावी आलो तर टाळकी ज्वारी जमिनीला चिकटलेली, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत. चिंचेखाली पोपट मरून पडले होते, आईनं ते टोपल्यात भरून ओढ्यात टाकले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं पंचनाम्याला आले. बांधावर उभं राहून त्यांनी गट नंबर विचारला, पीक लिहिलं, दादांची सही घेतली. कोतवाल म्हणाला, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स द्या. नाना त्या दिवशी मुलीसाठी स्थळ बघायला सेलूकडं गेले होते. दादांनी आपल्या पासबुकाची झेरॉक्स दिली. इथपर्यंत कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये जाहीर झाले होते. खात्याचे १६,२०० दादांच्या पासबुकात पडले. त्याच महिन्यात नानांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. नानांनी निम्मे मागितले. दादा म्हणाले, देतो. आठ दिवसांनी पुन्हा मागितले. दादा म्हणाले, पुढच्या महिन्यात देतो. तिसऱ्यांदा नानांनी चारचौघांत, पारावर विचारलं. दादांना ते लागलं. ते म्हणाले, "पंचनामा माझा, सही माझी, पासबुक माझं. तुझं काय निघतं?" एवढं एक वाक्य. नाना उठून गेले आणि त्यानंतर दहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

लग्न झालं. नानांनी बैलजोडीतला एक बैल विकला. दादा लग्नाला गेले नाहीत. आई मागच्या दारानं जाऊन हळद लावून आली आणि पदराखाली नेलेली साडी देऊन आली. मला परीक्षा होती म्हणून मी आलो नाही. खरं म्हणजे परीक्षा चार दिवस आधी संपली होती.

दोन्ही घरांची भिंत एकच आहे. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज इकडं येतो. भांडण असलं तरी तो आवाज काही थांबवता येत नाही.

नानांनी पुढं एक केलं. तलाठ्याकडं अर्ज दिला की सामाईक खात्यात माझाही हिस्सा आहे, यादीत माझं नाव वेगळं लावा. म्हणून नंतरच्या दुष्काळी याद्यांत दोघांच्या नावापुढं निम्मं निम्मं क्षेत्र लागायला लागलं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्याचे हेक्टरी ६,८०० प्रमाणे प्रत्येकी ५,५०८ रुपये दोन हप्त्यांत दोघांना पडले. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीला डकवली होती. दोघं भाऊ वेगवेगळ्या वेळी जाऊन ती वाचून आले. आत्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं आणि ते कुणाला खटकलंही नाही. मलाही नाही.

याद्यांच्या गमती सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची रेघ होती. आमच्या शेजारच्या एका घरी दोन हेक्टरवर तीन आर निघाले, म्हणून पूर्ण माफी हुकली. पाऊण कर्ज आधी भरा मग पाव माफ, असं झालं. पाऊण भरायला असतं तर कर्ज थकलं कशाला असतं? त्यानंतर गावात लोक पोरगा झाला की आधी त्याच्या नावावर वीस गुंठे करायची भाषा करू लागले.

मग पीएम किसान आलं. वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी सातबाऱ्यावर नाव पाहिजे. हा पैसा मात्र कुटुंबाला, खात्याला नाही. पहिला हप्ता दादांना आणि नानांना एकाच दिवशी पडला. संध्याकाळी नाना अंगणात खाटेवर बसून मोठ्यानं म्हणाले, "बायको, ह्या बारीला सरकारनं ज्याचं त्याला दिलं बरं का." भिंतीच्या अलीकडं दादा जेवत होते. ताट सरकवून उठले.

त्या रात्री आईनं मला सांगितलं. गारपिटीच्या १६,२०० तले १४,००० माझ्या हॉस्टेलला आणि मेसला गेले होते. तीन महिन्यांचं थकलं होतं, मेसवाल्यानं ताट बंद करायची धमकी दिली होती, हे मीच फोनवर दादांना रडून सांगितलं होतं. पैसे पोचल्यावर ते कुठून आले हे मी विचारलं नव्हतं. वडिलांकडून आलेल्या पैशाला कोण विचारतं? पाच वर्षं मी नानांना अहंकारी समजत होतो. चार हजाराच्या ज्वारीसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकणारा माणूस, असं मी मित्रांना सांगितलंही होतं.

आईला म्हटलं, दादांनी हे नानांना का सांगितलं नाही? पोराच्या शिक्षणाला लागले म्हटलं असतं तर नाना काय म्हणाले असते? आई म्हणाली, "सांगायचंच होतं त्यांला. पर पारावर इचारलं नं त्यानं."

डिप्लोमा झाला, वाळूजला एका कंपनीत लागलो. महिन्यातून एकदा गावी जायचो आणि गेलो की ऑनलाइनची सगळी कामं माझ्याकडं. केवायसीसाठी दादांना सेतूवर नेलं तर मशीन त्यांचा अंगठा घेईना. चाळीस वर्षं कासरा आणि विळा धरून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या. त्या पोरानं साबणानं हात धुवायला लावले, खोबरेल लावलं, दहाही बोटं करून पाहिली. शेवटी मोबाईलवरच्या ओटीपीवर भागलं. दादा घरी येताना म्हणाले, "आता मी मीच हाय हे दावायला बी पोरगं लागतंय."

ई-पीक पाहणीही माझ्याकडंच. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, मोबाईल जागा ओळखतो. २०२३ च्या खरिपात मी गेलो तेव्हा ऑगस्ट कोरडा चालला होता. सोयाबीन फुलात आणि वर ऊन चैतासारखं. पुढं पिवळा मोझॅकही आला. दादांच्या वावराचा फोटो काढला आणि बांध ओलांडून नानांच्या वावरात गेलो. त्यांच्या घरी तो मोबाईल चालवणारं कुणी नाही. मुलगी सासरी, मुलगा लहान. तिथला फोटो काढून सगळ्या क्षेत्राचं सोयाबीन लावून टाकलं. नाना आखाड्यावर उभे होते. त्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. त्या साली हमीभाव ४,६०० होता आणि आमचं सोयाबीन ४,३५० नं गेलं. एकरी चार पोत्यांचा उतारा.

दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यानंतर, सरकारनं त्या २०२३ च्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. निवडणूक जवळ आली होती, हे पारावरच्या कुणालाही सांगायची गरज नव्हती. याद्या लागल्या. कृषी सहायकानं अर्ज वाटले: आधारचं संमतीपत्र, आणि सामाईक खातं असेल तर ना हरकत पत्र. म्हणजे पैसे खात्यातल्या एकालाच, आणि बाकीच्यांनी लिहून द्यायचं की आमची हरकत नाही. आमचे ८,१०० होत होते.

दादा म्हणाले, "सोडून दे. त्याच्या दारात जायचं नाही."

१९ ऑगस्टला राखी होती. आत्या दरवर्षी येते, आधी आमच्याकडं राखी बांधते, मग पलीकडं. दोन्हीकडं अर्धी अर्धी भाकरी खाते, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. तिच्यापुढं कागद ठेवला. म्हणाली, "हे काय?" म्हटलं, तुझी हरकत नाही असं लिहून पाहिजे. ती हसली. "माझी कधी व्हती रे?" साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं जीभ दाताखाली धरून केली, एकेक अक्षर वेगळं. कुणाच्या नावानं पैसे येणार हेही तिनं विचारलं नाही. ती जागा मी मोकळीच ठेवली होती.

बसल्या बसल्या एक हिशेब माझ्या ध्यानात आला होता. गारपिटीच्या १६,२०० चे निम्मे होतात ८,१००. आणि हे सोयाबीनचे सगळे मिळून ८,१००. एवढे पैसे नानांच्या खात्यात गेले तर दहा वर्षांचं मिटतं, रुपयाला रुपया. देवानंच आकडा जुळवला असं वाटून मी संध्याकाळी नानांच्या दारात गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा.

काकू चुलीपुढून उठल्या, पण बोलल्या नाहीत. नाना म्हणाले, "कशाला आलास?"

"सही पाहिजे नाना. ना हरकत."

"हरकत!" नाना म्हणाले. "त्या टायमाला कोणी इचारलं नाही मला, हरकत हाय का म्हणून."

मी खाली बघत म्हटलं, "अर्ज तुमच्या नावानं करायचा. दादा सही देतील." दादांना मी विचारलेलंही नव्हतं.

"तुझा बाप देईल?"

"देतील."

"मग आण आधी त्याची. माझी कुठं पळून चालली?" मी उठलो तेव्हा काकू म्हणाल्या, "च्या ठिवलाय." चहा पिऊन आलो.

दादा ऐकेनात. "माझ्या वावराचा पैसा त्याच्या खात्यात? का म्हणून?" मी म्हटलं, गारपिटीचा त्यांचा आपल्या खात्यात आला होता. दादा माझ्याकडं बघतच राहिले. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळानं म्हणाले, "ते तुझ्यापायीच." म्हटलं, म्हणूनच म्हणतोय. त्यावर ते उठून गोठ्यात गेले आणि तिथंच काहीतरी शोधत राहिले. आई माझ्या शेजारी वाती वळत होती. म्हणाली, "तुमी तिघं सह्या सह्या करा. चार एकर खुरपती मी न् पलीकडची. आमाला तर कोणी हरकत बी इचारत नाही." मी हसलो, पण तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

कागद घरीच ठेवून मी वाळूजला गेलो. पोळ्याला परत आलो तो पावसातच. १ आणि २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेडात जो पाऊस झाला त्यानं नदी-नाले एक केले. पोळा फुटलाच नाही, बैलांची झूल गोठ्यातच राहिली. गेल्या सालच्या सोयाबीनचा अर्ज भरायचा तो कागद डब्यात, आणि ह्या सालचं सोयाबीन पाण्यात.

दुपारी थोडं उघडल्यावर दादा फावडं घेऊन वावरात गेले. आमच्या वावराला पाणी काढायला जागा एकच, बांध फोडून नानांच्या वावरातून ओढ्याला. म्हणजे पाणी आमचं आणि नासणार त्यांचं. मीही मागून निघालो, म्हटलं आता बांधावर नवीन काही होऊ नये. पोचलो तर बांध फुटलेला होता. फावड्यानं सरळ कापलेला, दोन हात रुंद. आमचं पाणी त्यातून गढूळ होऊन खाली धावत होतं आणि नानांच्या खालच्या दोन-चार ओळी त्यात आडव्या झाल्या होत्या. नाना तिथं नव्हते. चिखलात त्यांच्या पायाचे ठसे होते, तेही भरत चालले होते. दादा फावडं टेकून उभे राहिले. मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर पाय न धुताच म्हणाले, "पेन दे."

सही घेऊन मी पलीकडं गेलो. नानांनी कागद दिव्याखाली धरला, दादांची सही नीट बघितली, आत्याची बघितली. "अक्काची बी घ्यावी लागली व्हय?" एवढंच म्हणाले. आधार क्रमांक लिहून दिला, संमतीपत्रावर आपली सही केली. दुसऱ्या दिवशी मी सगळं कृषी सहायकाकडं पोचवलं. तो बिचारा नव्या पंचनाम्यांच्या गट्ठ्यात बुडालेला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे पडले. मला फोन काकूंच्या मोबाईलवरून आला, पण बोलले नाना. "पडले," म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, मिटलं.

शनिवारी मी गावी होतो. सकाळी नाना आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या कुणी म्हणालं नाही, पण आईनं पाट टाकला. ते टेकले, कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या आणि दादांच्या पुढ्यात, जमिनीवर ठेवल्या. "दोन हजार सातशे हाईत."

दादा म्हणाले, "हे कशाचे?"

"सोयाबीनचे. तिघांत वाटले."

"तिघांत?"

"सातबाऱ्यावर तिघं नाहीत का? सही घेतली नं अक्काची? तिचे दोन हजार सातशे काल जाऊन देऊन आलो."

दादा गप्प. मी तर त्याहून गप्प. मी रात्र जागून जो हिशेब जुळवला होता त्यात आत्या नव्हतीच. तिची सही मी घेतली, राखीच्या दिवशी, तिनं अर्धी भाकरी खाल्ल्यावर. आणि तिचा हिस्सा परस्पर नानांच्या देण्यात वळता केला. २०१४ ला दादांनी जे नानांना केलं तेच मी आत्याला करत होतो, फक्त चांगल्या हेतूनं. दादांचा हेतू तरी कुठं वाईट होता?

आईनं चहा आणला. दोघं भाऊ चहा पिताना ह्या सालच्या पंचनाम्याचं बोलले, पण माझ्याकडं बघून. दादा मला म्हणाले, "ह्याला इचार, खालच्या ओळींचं लिहिलं का तलाठ्यानं." नाना मला म्हणाले, "सांग, लिहिलं." गारपिटीचा विषय दोघांनीही काढला नाही. नाना गेल्यावर दादांनी नोटा उचलल्या, न मोजता कोनाड्यात ठेवल्या.

भाऊबीजेला आम्ही दोघं आत्याकडं गेलो. ती अंगणातच भेटली. शेजारणीला सांगत होती, "भाऊ आला माझा. आवंदा माझ्या वावराचं अनुदान पडलं बगा." माझ्या वावराचं. सत्तरीतल्या तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्या पैशांतून तिनं सुनेला गिरणीच्या मोटारीला हजार दिले होते आणि बाकीचे डब्यात होते. डबा उघडून तिनं ते आम्हाला दाखवलेही.

माझ्या बॅगेत दोन पाकिटं होती. गारपिटीचे तिघांत वाटले तर प्रत्येकी ५,४०० होतात. एक नानांचं, एक आत्याचं. व्याज धरलेलं नाही. आत्याचं तिथंच द्यायचं ठरवून गेलो होतो, पण दादा शेजारी बसले होते, ओवाळून झालं होतं, आणि ते पाकीट काढलं असतं तर दादांच्या तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं की तुम्ही बहिणीचेही घेतलेत. तसंच परत आणलं.

नानांचं देण्याचीही दोनदा संधी आली. एकदा ते ऊस तोडायला आलेल्या टोळीशी बोलत होते, एकदा एकटेच होते. एकटे होते तेव्हा मी पावसाचं विचारलं आणि निघून आलो. पाकिटं अजून बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत. एकावर मी नाव लिहिलंय, दुसऱ्यावर अजून नाही.